गुहेतल्या पाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाल म्हटलं की आपल्याला ट्यूबलाइटमागची, माशा टिपणारी पाल आठवते. गुहेत, कपारीत, डोंगराच्या पोटात राहणाऱ्या पालींबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. गड-लेण्यांवर सोबत येणारी मुलं, परदेशात राहणारे भाचे-पुतणे आणि शेजारीपाजारी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते मी इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं गोनियुरोसॉरस या आशियाई गटाबद्दल आहेत. गुहेतली पाल म्हणून जगभर ओळखतात ती प्रामुख्याने हीच. शेवटी आपल्या सह्याद्रीतल्या पालींकडे येऊ.

गुहेतली पाल म्हणजे नेमकी कोणती?

पालींचे अनेक गट गुहांचा आसरा घेतात. मलेशियातल्या सारावाकमध्ये निया इथल्या प्रसिद्ध गुहांमधून १९६१ मध्ये एका पालीची नोंद झाली. तिचं नावच कॅव्हर्निकोलस, म्हणजे गुहेत राहणारी. क्वालालंपूरजवळच्या बातू गुहांमध्ये आपले मुरुगनचे भक्त हजारोंनी जातात. त्याच डोंगरातून २०१४ मध्ये एका नव्या पालीचं वर्णन झालं आणि शहराच्या इतक्या जवळ राहते म्हणून तिला मेट्रोपोलिस नाव मिळालं. आपल्याकडे मेघालयात, गारो टेकड्यांमधल्या सिजूच्या चुनखडकातून २०२१ मध्ये सर्टोडॅक्टायलस कार्स्टिकोला ही पाल जगासमोर आली.

पण प्राणिप्रेमी लोक नुसतं 'केव्ह गेको' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात गोनियुरोसॉरसच असते. दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनाम आणि जपानची रयुक्यू बेटं हे तिचं घर. आज तिच्या दोन डझनांहून अधिक प्रजाती माहीत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गेल्या पंचवीस वर्षांत सापडलेल्या आहेत.

ती खरोखर गुहेतच राहते का?

अर्धा वेळ, असं म्हटलं तर ते सत्याच्या जवळ जाईल. जन्मभर गुहेत राहून डोळे गमावलेले मासे असतात, कोळी असतात, बिनरंगाचे किडे असतात. पालींमध्ये असं काही झालेलं नाही. तिचे डोळे शाबूत आहेत, अंगावर रंग आहे आणि रात्री ती बाहेरही पडते. गुहा तिच्यासाठी घरासारखी. दिवसाचा उकाडा आणि कोरडी हवा टाळायची, अंडी ठेवायची, शत्रूपासून लपायचं, आणि अंधार पडला की उंबरठ्यावर येऊन शिकारीची वाट बघायची. काही प्रजाती, विशेषतः हैनान आणि रयुक्यू बेटांवरच्या, जंगलातल्या दगडांच्या ढिगात, ओढ्याकाठच्या मुळांमध्येही सुखाने राहतात.

चुनखडकाचं इथे फार महत्त्व आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडक हळूहळू विरघळवतं. लाखो वर्षांत त्या डोंगराची चाळण होते. भेगा, बिळं, भुयारं, आत कोसळलेली दालनं असं सगळं तयार होतं. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत हवा गार आणि ओलसर राहते. आपल्या माजघरातल्या माठाजवळ दुपारी हात नेला की जो गारवा लागतो, तो गारवा बारा महिने टिकणारी जागा म्हणजे ही कपार. या पालीला तेवढंच हवं असतं. गुहा मोठी आहे की एक बोट जाईल एवढी फट आहे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

घरातल्या पालीपेक्षा ती वेगळी कशी?

पहिला फरक डोळ्यांत आहे. घरातली पाल डोळे मिटू शकत नाही, कारण तिला हलणाऱ्या पापण्याच नसतात. डोळ्यांवर काचेसारखं पारदर्शक आवरण असतं आणि त्यावरची धूळ ती जिभेने पुसते. गोनियुरोसॉरस मात्र डोळे मिटते, उघडते. ज्या कुळात ती मोडते त्या युब्लेफॅरिडे या नावाचा अर्थच खऱ्या पापणीची असा आहे.

दुसरा फरक पावलांत. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली पट्ट्या असतात आणि त्यांवर लाखो सूक्ष्म केस. त्या केसांचा आणि भिंतीचा रेणूंच्या पातळीवर संबंध येतो, म्हणून ती गुळगुळीत काचेवरही चढते. गुहेतल्या पालीला या पट्ट्या नाहीत. तिच्याकडे बारीक बोटं आणि नखं आहेत. काचेवर ती घसरेल, पण खडबडीत चुनखडकावर सरळ उभी चढते. व्हिएतनाममधल्या एका प्रजातीचं नाव अरानियस आहे, लॅटिनमध्ये कोळी. लांबसडक सडपातळ पाय पाहिले की ते नाव पटतं.

तिसरा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या पालीची अंडी पांढरी, टणक, फोटोफ्रेममागे सापडतात तशी. या कुळातल्या पालींची अंडी चामड्यासारखी मऊ कवचाची असतात आणि ती ओल शोषून घेतात. कोरड्या भिंतीवर ती टिकणारच नाहीत. त्यांना दमट माती किंवा ओली कपारच लागते.

दिसते कशी?

मोठ्या प्रजाती शेपटीसकट साधारण वीतभर, लहान त्याहून कमी. अंग तपकिरी, जांभळट किंवा जवळजवळ काळं, त्यावर पिवळे, केशरी किंवा गुलाबीसर आडवे पट्टे. शेपटीवर पांढरी कडी. काही प्रजातींचे डोळे माणकासारखे लाल असतात. पिल्लांचे रंग मोठ्यांपेक्षा ठळक असतात, वय वाढेल तसे पट्ट्यांमध्ये ठिपके भरत जातात.

मी एकदाच ती तिच्या घरी पाहिली आहे. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरातलं कात बा बेट. तिथलं राष्ट्रीय उद्यान १९८६ पासून आहे आणि २००८ मध्ये कातबाएन्सिस या प्रजातीचं वर्णन याच बेटावरून झालं. रात्री आठनंतर वाटाड्याने बॅटरीवर लाल कागद लावला आणि आम्हाला खडकापासून दहा पावलं मागे उभं केलं. बराच वेळ काही नाही. मग एका भेगेतून आधी नाक आलं, मग डोळा. ती बाहेर येऊन चारही पाय ताणून उभी राहिली, पोट दगडाला न टेकवता, मांजर अंग उंच करते तशी. समोर एक रातकिडा होता. तिची शेपूट वर गेली आणि नुसतं टोक थरथरू लागलं. पुढे काय झालं ते इतकं पटकन झालं की दिसलं फक्त नंतरचं: तोंडातून बाहेर राहिलेली रातकिड्याची एक तंगडी, आणि डोळे मिटून गिळणारी पाल. डोळे मिटून! पालीला मी तोवर कधी डोळे मिटताना बघितलं नव्हतं.

अंधारात तिला दिसतं कसं?

पालींच्या डोळ्यांची गोष्ट फार सुंदर आहे. आपल्या डोळ्यांत अंधारासाठी दंडपेशी आणि रंगांसाठी शंकुपेशी असतात. पालींचे पूर्वज दिवसा वावरणारे होते आणि त्यांनी दंडपेशी गमावल्या. पुढे पाली रात्रीच्या झाल्या तेव्हा गमावलेलं परत मिळालं नाही. त्याऐवजी शंकुपेशीच मोठ्या आणि कमालीच्या संवेदनशील झाल्या. परिणाम असा की रात्री आपल्याला सगळं करडं दिसतं तेव्हा पालीला रंग दिसू शकतात. आफ्रिकेतल्या एका वाळवंटी पालीवर स्वीडनमध्ये प्रयोग झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात तिची रंगदृष्टी माणसाच्या रंगदृष्टीपेक्षा ३५० पट संवेदनशील असल्याचं दिसलं. ती पाल गुहेतली नव्हे, पण डोळ्यांची मूळ घडण तीच.

अर्थात पूर्ण काळोखात, जिथे उजेडाचा कणही नाही, तिथे कोणालाच दिसत नाही. म्हणून या पाली बहुधा गुहेच्या तोंडापाशी आणि थोड्याच आत सापडतात. बाहुली उभी फट असते. दिवसा ती सुईच्या नेढ्याएवढी बारीक होते, रात्री पूर्ण उघडते. तुमच्या बॅटरीचा झोत त्या उघड्या बाहुलीवर पडला तर काय होत असेल याचा विचार करा आणि झोत जमिनीकडे ठेवा.

खाते काय?

रातकिडे, नाकतोडे, झुरळं, कोळी, पतंग, गोमेचे छोटे प्रकार. गुहेत वटवाघळांच्या लेंड्या पडतात, त्यांवर बुरशी आणि किडे वाढतात, त्या किड्यांवर मोठे किडे आणि त्यांवर पाल. म्हणजे वटवाघळं उडून गेली तर पालीच्या ताटातलंही कमी होतं.

शेपूट तुटली तर परत येते का?

येते, पण पहिल्यासारखी नाही. शेपटीच्या मणक्यांत मोडण्यासाठी आधीच ठरलेल्या जागा असतात. शत्रूने पकडलं की स्नायू आवळून ती शेपूट सोडून देते आणि वळवळणाऱ्या तुकड्याकडे शत्रूचं लक्ष गेलं की निसटते. नवी शेपूट आखूड, फुगीर येते, आत हाडाऐवजी कूर्चा असते आणि पांढरी कडी जाऊन त्या जागी ठिपके किंवा डाग येतात.

शेपटीत चरबीचा साठा असतो, म्हणून शेपूट जाणं म्हणजे वर्षाचं धान्य जाणं. उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिण चीनमध्ये हिवाळा बऱ्यापैकी थंड असतो, तेव्हा या पाली फारशा बाहेर येत नाहीत. त्या काळात तो साठाच कामी येतो. फोटोसाठी शेपटीला बोट लावू नका, हे मी मुलांना ओरडून सांगते ते यामुळे.

ती चुकचुकते का?

मनात शंकेची पाल चुकचुकते ती घरातली. तिची ती नेहमीची बोलीच आहे. गुहेतल्या या पाली अगदी अबोल. पकडलं, फार घाबरवलं तर तोंड उघडून बारीक किंचाळल्यासारखा आवाज काढतात, बाकी शांत.

विषारी असते का? अंगावर पडली तर?

जगातली एकही पाल विषारी नाही. दुधात पाल पडली तर दूध टाकून द्यावं हे बरोबरच, कारण पालींच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. पण ते विष नव्हे. अंगावर पडली तर हात साबणाने धुवा, एवढंच. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. कोणत्या अंगावर पडली की काय फळ, ते माझी आजी बोट ठेवून वाचायची. त्या कोष्टकाचा राग मला येत नाही, कारण त्यात पालीला मारा असं कुठेच लिहिलेलं नाही.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. गोनियुरोसॉरसची एक जवळची नातेवाईक आपल्या महाराष्ट्रात राहते. युब्लेफॅरिस फस्कस हे तिचं शास्त्रीय नाव, आणि अंगावर बिबट्यासारखे ठिपके म्हणून तिला लेपर्ड गेको म्हणतात. तिलाही पापण्या, तिचीही चाल जड, अंग जमिनीवरून उचललेलं, रंग ठळक. ती दिसली की लोक तिला जहरी समजतात आणि दगडाने ठेचतात. ती पूर्ण निरुपद्रवी आहे. हा एक परिच्छेद वाचून एका जरी शेतावर एक जरी दगड खाली ठेवला गेला तरी मला समाधान वाटेल.

अंडी किती घालते?

एका वेळी बहुधा दोन. हंगामात एकापेक्षा जास्त वेळा घालू शकते. पण एकूण संख्या कमीच. वर्षाला चार-सहा पिल्लं, त्यांतली मोठी होणार एखाददुसरी. अशा प्राण्याच्या वस्तीतून वीस मोठ्या माद्या उचलल्या तर ती वस्ती पुन्हा भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब कोणीही करू शकतो.

इतक्या वेगवेगळ्या प्रजाती कशा तयार झाल्या?

चुनखडकाच्या डोंगरांचा नकाशा पाहिला तर ते समुद्रातल्या बेटांसारखे दिसतात, फक्त भोवती पाण्याऐवजी भातखाचरं असतात. गार कपारीची सवय लागलेली पाल उघड्या, तापलेल्या शेतातून दहा किलोमीटर चालत जाऊन दुसऱ्या डोंगरावर राहायला जात नाही. मग प्रत्येक डोंगररांगेतली पाल आपापल्या वाटेने बदलत जाते. पट्ट्यांची संख्या, खवल्यांची ठेवण, डोळ्यांचा रंग, सगळं. चीनच्या ग्वेइचौ प्रांतातला लिबोचा चुनखडक २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच भागाच्या नावाने लिबोएन्सिस ही प्रजाती २०१३ मध्ये आली.

जपानच्या बाजूला तर खरीच बेटं. रयुक्यू बेटं मुख्य भूमीपासून लाखो वर्षांपूर्वी तुटली आणि त्यांच्यासोबत पालीही अडकल्या. ओकिनावाची वेगळी, कुमे बेटाची वेगळी, इहेया बेटाची वेगळी, तोकुनोशिमाची वेगळी. या पाली कोणत्याही मोठ्या शिकाऱ्यासाठी तयार नव्हत्या. १९१० मध्ये ओकिनावात माणसांनी मुंगूस आणून सोडलं, उंदीर आणि हाबू नावाचा विषारी साप मारण्यासाठी. मुंगसाने मात्र स्थानिक पक्षी, बेडूक, सरडे असं जे सापडेल ते खाल्लं. मुंगूस म्हणजे आपल्या भागातला प्राणी, आपल्याला तो शुभ वाटतो. चुकीच्या बेटावर तोच संकट झाला.

एवढीशी पाल, तिच्या जिवावर कोण उठणार?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांब आहे, आणि हे पान लिहायचं खरं कारणही तेच.

१९९९ मध्ये चीनच्या ग्वांग्शी भागातल्या एका पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव गोनियुरोसॉरस लुई. शास्त्राच्या रीतीप्रमाणे त्यात ती कुठे सापडली ते ठिकाण लिहिलेलं होतं. रीत चांगलीच आहे, दुसऱ्या संशोधकाला तपासता आलं पाहिजे. पण ते कागद फक्त संशोधकांनी वाचले नाहीत. नवी, देखणी, दुर्मिळ पाल अशी बातमी पाळीव प्राण्यांच्या बाजारात पोचली आणि आयात करणाऱ्या देशांत एकेका पालीची किंमत दीड ते दोन हजार डॉलरपर्यंत चढली. डोंगर पालथे घातले गेले. २००६ मध्ये चार संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात पत्र लिहून कळवलं की जिथून या पालीचं वर्णन झालं, त्या मूळ जागेवरून ती नाहीशी झाली आहे. वर्णन ते निर्वंश, मधे जेमतेम सात वर्षं.

त्यानंतर काही संशोधकांनी रीत मोडली. २०१५ मध्ये दक्षिण चीनमधल्या दोन नव्या प्रजातींचं वर्णन करताना नेमकं ठिकाण छापलंच नाही. ते हवं असेल त्या अभ्यासकाने रीतसर मागायचं. त्यांतल्या एकीचं नाव आहे कडूरिओरम, निसर्गरक्षणाला मदत करणाऱ्या हाँगकाँगच्या कडूरी घराण्यावरून. मुंबईकरांना हे नाव ओळखीचं वाटेल, माझगावात सर एली कडूरी यांच्या नावाची शाळा आहे.

मला हा निर्णय पूर्णपणे पटतो. ज्ञान लपवू नये हे खरं, पण पालीला आपलं घर सोडून पळता येत नाही. तिचा पत्ता हेच तिचं संरक्षण, आणि पत्ता फुटला की संपलं. वाघाच्या जंगलाला वनरक्षक असतात. ओल्या भेगेला कोण पहारा देणार?

बाजार हा एक धोका. दुसरा म्हणजे सिमेंट. सिमेंटला चुनखडक लागतो आणि खाण लागली की डोंगर पायथ्यापासून नाहीसा होतो. जी प्रजाती फक्त त्या एकाच डोंगरावर आहे, तिला पुढे सरकायला जागा नाही. काही ठिकाणी या पाली औषधी म्हणूनही पकडल्या जातात. पर्यटनाचं म्हणाल तर गुहेत रंगीत दिवे, सिमेंटच्या पायऱ्या आणि गोंगाट आला की गुहेचं तोंडच तिच्यासाठी बंद झाल्यासारखं होतं.

काही कायदा आहे की नाही?

आहे, उशिरा का होईना. २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये चीन आणि व्हिएतनाममधल्या गोनियुरोसॉरस पाली आल्या. म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. जपानने आपल्या सहा प्रजाती फेब्रुवारी २०२१ पासून परिशिष्ट ३ मध्ये घातल्या. जपानमध्ये त्या देशातल्या कायद्यानेही संरक्षित आहेत. म्हणून जपानी पाल कोणी विकायला काढली असेल तर ती तिथून बाहेर आली कशी, हा प्रश्न आधी विचारायचा.

भारतात ही पाल पाळता येते का?

हा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात, आणि त्यांचा ओढा खरा असतो म्हणून मी झिडकारत नाही. आपला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्समधल्या विदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची ४ आली. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने त्याची सरकारकडे नोंद करायची असते, परिवेश या संकेतस्थळावर. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने इन्स्टाग्रामवरून अशी पाल मागवली होती. कागद नाही, पावती नाही, कुरिअरच्या खोक्यात कापडी पिशवीत बांधलेली. मे महिना. खोकं उघडलं तेव्हा ती जिवंत होती, पण त्वचा सुकून सुरकुतलेली, डोळे खोल गेलेले. तीन दिवसांनी गेली. मुलगा कितीतरी दिवस जेवला नाही नीट. मी त्याला बोलले नाही काही, त्याला कळलं होतं. पण तुम्हाला सांगते: कागद नसलेली पाल म्हणजे कुठल्या तरी कपारीतून उपटलेली पाल, असंच धरून चाला.

परदेशात असलेल्यांनी कायदेशीर पाळली तर काय सांभाळायचं?

अमेरिका, युरोपात बंदिवासात जन्मलेली पिल्लं मिळतात. तीच घ्या, पैदास करणाऱ्याकडून आई-बापांची माहिती आणि कागद मागा.

बाकी सगळं गारव्याशी आणि ओलाव्याशी येऊन थांबतं. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास, तिशीच्या वर जाऊ देऊ नका. तापता दिवा नको, तिला ऊन खायची हौस नाही. पेटीच्या तळाशी ओल धरणारी माती, निदान दोन लपायच्या जागा, त्यांतल्या एकीत ओलं शेवाळ. कात टाकताना ती जागा फार लागते. बोटांवर सुकी कात अडकून राहिली तर रक्त अडतं आणि बोट झडतं, म्हणून प्रत्येक वेळी वीसही बोटं मोजा. टाकलेली कात ती स्वतःच खाते, त्यामुळे कात दिसली नाही म्हणून घाबरू नका. खायला रातकिडे आणि झुरळं, त्यांवर कॅल्शियमची भुकटी. दोन नर एकत्र कधीही ठेवू नका. आणि हातात घेऊन खेळवायचा हा प्राणी नाही, संध्याकाळी दिवा मंद करून समोर बसायचं, ती येईल तेव्हा येईल.

आपल्या महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि कपारीत कोणत्या पाली असतात?

आपला सह्याद्री चुनखडकाचा नाही, काळ्या बेसाल्टचा. नैसर्गिक गुहा आपल्याकडे कमी. पण दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसांनी खोदलेली लेणी, गडांवरची पाण्याची टाकी, धान्याची कोठारं हे सगळं पालींनी कधीच आपलंसं केलं आहे. भिक्खू गेले, वटवाघळं आणि पाली राहिल्या.

त्यांतली मोठी आणि देखणी म्हणजे हेमिडॅक्टायलस मॅक्युलॅटस. १८३६ मध्येच फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं होतं. घरातल्या पालीच्या दुप्पट वाटावी अशी, तपकिरी अंगावर गडद ठिपके आणि टाचणीच्या डोक्यासारखे उंचवटे रांगेने. जुन्नर परिसरातून हेमिडॅक्टायलस आरोनबाउएरी ही आणखी एक मोठी पाल वरद गिरी यांनी २००८ मध्ये उजेडात आणली. म्हणजे ज्या घाटवाटांनी आपण पिढ्यान्‌पिढ्या चढ-उतर केली, तिथल्या खडकावर एवढी मोठी पाल होती आणि शास्त्राला तिचं नाव नव्हतं. सह्याद्रीत अजूनही नव्या पाली सापडत आहेत.

या पालींना पापण्या नाहीत आणि बोटांखाली पट्ट्या आहेत, म्हणजे त्या गोनियुरोसॉरसच्या नव्हे, आपल्या घरातल्या पालीच्या नात्यातल्या. पण राहणी तीच. दिवसा भेगेत, रात्री खडकावर.

एका लेण्यात, कुठलं ते सांगत नाही, खांबाच्या शिरावर कोरलेल्या हत्तीच्या कानामागे मी मॅक्युलॅटस पाहिली आहे. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता. छतातून टिपूस गळत होतं. हत्तीच्या कानावर साठलेलं पाणी ती जिभेने टिपत होती, एक थेंब, मग थांबायची, मग दुसरा. गाईडने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या वेळेपासून त्या कानामागे पाल असते.

लेण्यात किंवा गुहेत पाल दिसली तर काय करावं?

थांबा. बॅटरीचा झोत बाजूला, तिरका ठेवा. फ्लॅश बंद. दगड उलथू नका, उलथला असेल तर होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्या खाली ओल धरून ठेवलेली असते आणि कदाचित अंडीही असतात. वटवाघळं असतील तर बोलणंही थांबवा.

फोटो जरूर घ्या, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद आधी बंद करा. ती चालू असेल तर फोटोसोबत जागेचा अक्षांश-रेखांशही जातो, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत तो तसाच राहतो. नोंद अभ्यासकांपर्यंत पोचावी असं वाटत असेल तर आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, मात्र टाकताना ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा. मग नकाशावर नेमकी जागा न दिसता कित्येक किलोमीटरचा चौकोन दिसतो. फेसबुकवर लिहायचं असेल तर 'पुणे जिल्हा' एवढं पुरेसं आहे. कोणी इनबॉक्समध्ये येऊन गडाचं नाव, टाक्याचा क्रमांक विचारू लागलं, तर आधी त्याला विचारा की कशासाठी हवं आहे.